भास्कररावांचा कान

आमच्या गावात नळाला पाणी येतं सहाव्या दिवशी. किस्से मात्र रोज येतात, तेही फुल प्रेशरनं! बारा वर्षं झाली मला पाण्याच्या टाकीवर. पाणी साठवायला टाकी आहे, किस्से साठवायला बायको होती, पण तीही आता अर्ध्यातच थांबवते. "हा मागच्या महिन्यात सांगितला तुमी," म्हणते. म्हणून म्हटलं, आता तुम्हीच सापडले. बसा.

गाव आमचं अकोला अन् अमरावतीच्या मधात. खारपाणपट्टा. म्हणजे विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, पाणी लागतं, पण मिठाचं. त्याचा चहा मांडला तं दूध फाटतं. त्यामुळे धरणातून पाइपानं जे येतं तेच पाणी, अन् ते गल्लीगल्लीत सोडणारा तो वॉलमन. लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावी आत घालून आटे फिरवायचे. इकडचं बंद, तिकडचं सुरू. काम म्हणाल तं एवढंच.

टाकीवर आम्ही तिघं. मी प्रशांत, खोदणारे अन् पाइप जोडणारे फिटर सलीमभाई, आणि आमचे सिनियर भास्करराव. हे सगळं खरं तं भास्कररावांसाठीच सांगून राहिलो, पण आधी माझी थोडी अब्रू जाऊ द्या.

*

मी एम.ए. पॉलिटिकल सायन्स, सेकंड क्लास. अमरावतीला रूम करून चार वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, तशी गत. तहसीलदार व्हायचं होतं, झालो वॉलमन.

पहिल्या दिवशी इतकी लाज वाटली की तोंडाला दुपट्टा बांधून निघालो. मे महिना होता. आमच्याकडे मे महिन्यात अख्खं गाव दुपट्टा बांधून फिरतं, त्यामुळे कोणाला संशय यायचं कारण नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं! खाली मान घालून एका कॉलनीत शिरलो अन् चेंबरवर वाकलो, तेवढ्यात वरून गॅलरीतल्या एका काकूंनी आवाज दिला.

"ओ भाऊ, तो दुपट्टा सोडा. तहसीलदाराचं तोंड नाही पाह्यलं तरी चालते. वॉलमनचं पाहून ठेवा लागते."

काकूंना माझ्या चार वर्षांबद्दल काहीही माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. दुपट्टा सोडला. महिनाभरात सगळ्या गावानं तोंड पाठ केलं, अन् त्या सीझनला मला लग्नाच्या जेवढ्या पत्रिका आल्या तेवढ्या आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकालाही आल्या नसतील.

*

माझं स्वतःचं लग्नही असंच जमलं. मुलगी पाहायला गेलो तेव्हा माझ्या मामानं रस्त्यातच दम भरला होता, वॉलमन हा शब्द तोंडातून काढायचा नाही, 'पाणीपुरवठा विभागात आहे' एवढंच म्हणायचं. तसं म्हटलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, विभागात नेमकं कोणत्या पोस्टवर? मामाला एकदम खोकला लागला. पोहे गार व्हायला लागले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलीच्या आईचा आवाज आला. "काहून इंटरव्यू घेऊन राहिले हो? हे तं आपले पाणीवाले होत! हो म्हणा लवकर, नाहीतं वरच्या आळीतले घेऊन जातीन."

लग्न त्याच बैठकीत ठरलं. तेव्हापासून गावात बोललं जातं की माझ्या सासऱ्याच्या गल्लीत पाणी दहा मिनिटं जास्त चालतं. साफ खोटं आहे. सहा मिनिटं.

*

पण या कामाची खरी चव लावली ती भास्कररावांनी.

त्यांचं स्पेशल काम म्हणजे लिकेज शोधणं. पाइप जमिनीच्या चार फूट खाली, वर रस्ता, पाणी कुठं फुटलं ते वरून काही दिसत नाही. भास्कररावांकडे एक लांब लोखंडी सळई होती. तिचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं अन् दुसऱ्या टोकाला कान लावायचा. दोन पावलं पुढं, परत कान. असं करत करत एका जागी थांबायचे, खिशातून चुन्याची पुडी काढायचे अन् रस्त्यावर फुली मारायचे. सलीमभाई त्या फुलीवर खोदणार अन् तिथंच पाणी लागणार. एक हातही इकडं-तिकडं नाही!

आपल्या कामाबद्दल त्यांना लाज नावाची गोष्टच माहीत नव्हती. एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांच्या बाजूला नागपूरचे एक बँकवाले साहेब बसले. कडक इस्त्री, मोठं घड्याळ. स्वतःची पोस्ट, स्वतःचा फ्लॅट, मुलाची अमेरिका, सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, आपण काय करता? मी समोरच्या ओळीत होतो. मी असतो तं मामाचा विभाग काढला असता. भास्करराव वांग्याच्या भाजीत पोळी बुडवत म्हणाले, "मी गावाले आंघोळ घालतो."

साहेबांनी हळूच घड्याळावर बाही ओढली.

*

आणि शांत किती! पाणी उशिरा आलं की लोक टाकीवर येऊन काय काय बोलतात ते इथं सांगण्यासारखं नाही. मी भांडायचो. भास्करराव नुसते हसायचे.

एका सकाळी एक नगरसेवक तणतणत आले. त्यांच्या घरी साखरपुडा अन् नळ कोरडा. वीस मिनिटं बोलले. आमची टाकी काढली, खातं काढलं, शेवटी भास्कररावांचं खानदान काढलं. भास्करराव हात जोडून, मान हलवत, गोड हसत उभे. बोलून बोलून नगरसेवकच थकले. मग त्यांचेच डोळे भरून आले. "भाऊ, चुकलं माहं," म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस नाही पाह्यला," अन् चक्क पाया पडून गेले.

मी भारावून सलीमभाईंना म्हटलं, काय माणूस आहे हा, संत आहे संत. सलीमभाईंनी बिडी चपलेखाली विझवली.

"संत-बिंत काई नाई. बहिरे हायेत."

मला वाटलं, मजाक. मी भास्कररावांच्या मागं जाऊन हाक मारली. दोनदा मारली. तिसऱ्यांदा असा ओरडलो की टाकीवरची कबुतरं उडाली. भास्करराव आपले चावीला तेल लावत होते. समोर गेलो तेव्हा म्हणाले, "अरे, तू कधी आला?"

मी कानाकडं बोट दाखवलं. मग त्यांनी मला पायरीवर बसवलं अन् सगळं सांगितलं. डावा कान पार गेलेला, उजवा जाण्याच्या रस्त्यावर. ऑफिसला कळलं तं रस्त्यावरून काढतील अन् आत टेबलवर बसवतील. मागं एकदा पाय मोडला होता तेव्हा महिनाभर जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलवर बसले होते, हे ते अजून विसरले नव्हते.

"तिथं बसून मी गाव जन्मतानी पाह्यलं अन् मरतानी पाह्यलं," म्हणाले, "पण मधातलं काहीच दिसे ना. मले मधातलं पाह्याचं असते रे. तीन वर्षं राहिले रिटायरमेंटले. तेवढे सांभाळून घ्या."

आम्ही दोघांनी शब्द दिला. मग मी हातवारे करून विचारलं, ऐकू येत नाही तं सळईनं लिकेज कसं सापडतं?

"सळईचं वेगळं हाये," म्हणाले अन् उठून गेले.

*

शब्द देणं सोपं असतं. त्याच महिन्यात आमच्याकडे नवीन इंजिनिअर साहेब आले. साताऱ्याकडचे, तरुण, कामाला प्रामाणिक, पण मीटिंगची भारी हौस. दर सोमवारी मीटिंग, अन् त्यात सिनियर म्हणून पहिला प्रश्न भास्कररावांना.

आम्ही आयडिया केली. मी साहेबांच्या पाठीमागं उभं राहायचं. मी कान खाजवला तं भास्कररावांनी म्हणायचं, 'हो साहेब.' डोकं खाजवलं तं, 'नाही साहेब.' दोन महिने गाडी रुळावर होती. फक्त एकदा साहेब अचानक मागं वळले अन् मला एका बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "प्रशांत, लाजू नका, एखाद्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून घ्या."

मग जूनमधली एक मीटिंग आली. साहेबांनी विचारलं, "भास्करराव, यंदा सगळ्या स्टाफला नवे रेनकोट द्यायचा विचार आहे. हवेत ना?"

त्याच क्षणाला माझ्या डोक्यावर डास बसला. हात आपोआप गेला.

"नाही साहेब," भास्करराव ठणकावून म्हणाले. "काई गरज नाही."

साहेब गहिवरले. सगळ्यांकडे वळून म्हणाले, तीस वर्षांची सेवा आणि हा माणूस स्वतःसाठी काही मागत नाही, याला म्हणतात समाधान. आता ज्यांना रेनकोट हवाच असेल त्यांनी हात वर करावा. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी हात कोण वर करणार? त्या पावसाळ्यात पाणीपुरवठा विभाग शिपायापासून फिटरपर्यंत ओलाचिंब होता. सलीमभाई अजूनही जून ते सप्टेंबर माझ्याशी बोलत नाहीत.

*

पाप एक दिवस उघडं पडणारच होतं. टाकीच्या आवारात पाण्याचा टँकर रिव्हर्स येत होता, हॉर्न वाजवत. भास्करराव पाठमोरे उभे, चेंबरमध्ये डोकं. आम्ही लांब होतो. साहेब जवळ होते, त्यांनी धावत जाऊन दंडाला धरून ओढलं, म्हणून वाचले.

साहेब रागावले नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. एवढंच म्हणाले की हा माणूस रोज भर रस्त्यात वाकून उभा असतो, उद्या मागून ट्रक आला तर? साहेबांचं बरोबर होतं, त्यांच्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं, तरी आम्हाला त्यांचा राग आला.

कानाच्या तपासणीसाठी अकोल्याला पाठवलं. काचेची खोली, भास्कररावांच्या कानाला हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर मशीनवर एक मॅडम, अन् त्यांच्या मागं, सोबतीला आलेले म्हणून, मी अन् सलीमभाई. सलीमभाईंच्या लक्षात आलं की मॅडम मशीनमधून आवाज सोडतात तेव्हा त्यांचा उजवा खांदा थोडा हलतो. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. खांदा हलला की मी कान खाजवायचा, मी कान खाजवला की भास्कररावांनी बटण दाबायचं. असं जमलं म्हणता! मॅडम म्हणाल्या, या वयात इतका तल्लख कान मी नाही पाहिला.

मग मॅडमचा चहा आला. त्यांनी बशीतलं बिस्किट चहात बुडवलं. खांदा हलला. मी सवयीनं खाजवला. भास्कररावांनी बटण दाबलं. मॅडमनी दुसरं बिस्किट बुडवलं. परत दाबलं. मॅडम हुशार बाई, त्यांनी अख्खा पुडा संपवून पाहिला. भास्कररावांना सगळी बिस्किटं ऐकू आली!

आम्हाला बाहेर काढलं, पडदा ओढला अन् तपासणी परत पहिल्यापासून झाली. रिपोर्ट आला, दोन्ही कान कामातून गेलेले. शुक्रवारी साहेबांनी ऑर्डर काढली, सोमवारपासून जन्म-मृत्यू नोंदणीचं टेबल.

ऑर्डर नेऊन द्यायचं माझ्याच नशिबी आलं. भास्कररावांनी वाचली, चार घड्या करून खिशात ठेवली अन् चावी खांद्यावर टाकून वॉर्डात पाणी सोडायला निघून गेले. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. तहसीलदारकी हुकली तेव्हाही एवढं आलं नव्हतं.

*

आता शेवटचा. शनिवारचा.

पूर्वेकडच्या लेआउटमध्ये, म्हणजे नव्या प्लॉटांच्या वस्तीत, पाणी चढत नव्हतं. नववा दिवस होता. टाकी भरत होती, आम्ही पाणी सोडत होतो, अन् ते मधातच कुठंतरी गायब होत होतं. बाया रिकामे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन रस्त्यावर उभ्या, लहान लेकरं खारं पाणी पिऊन ओकत होती. बरं, खोदावं तं वर दोन महिन्यांपूर्वीच केलेला सिमेंटचा रस्ता. फोडायची परवानगी एकाच जागी मिळाली होती, अन् ती जागा कोणती हे सांगणारी मशीन नागपूरवरून येणार होती मंगळवारी. साहेब नकाशा घेऊन घामाघूम झाले होते.

भास्करराव सळई घेऊन आले. कोणी बोलावलं नव्हतं. ऑर्डर सोमवारपासून होती, शनिवार त्यांचाच होता.

"भास्करराव, राहू द्या आता," साहेब म्हणाले. भास्कररावांना नेहमीप्रमाणे ऐकू आलं नाही. त्यांनी सळई रस्त्यावर टेकवली, कान लावला. पुढं गेले, परत लावला. लोक एकमेकांकडे पाहायला लागले, कारण कानाची बातमी एव्हाना गावभर झाली होती. मग ते थांबले. जरा लाजल्यासारखे झाले अन् साहेबांजवळ येऊन म्हणाले, "साहेब, बायाइले थोडं तिकडं पाह्याले सांगा."

साहेबांनी सांगितलं. पण एकाही बाईनं भास्कररावांवरची नजर हटवली नाही.

भास्करराव वाकले, सळईचं वरचं टोक समोरच्या दातात पक्कं धरलं अन् डोळे मिटले. मग दोन पावलं पुढं, परत दातात. कोणी हसलं नाही. लेआउटच्या कोपऱ्यावर एक टेलरचं दुकान आहे, तिथं पोचेपर्यंत ते असेच सळई चावत गेले. दुकानासमोर बराच वेळ उभे राहिले. मग चुन्याची पुडी काढली अन् फुली मारली.

सलीमभाईंनी घण उचलला. साहेबांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, एकच जागा आहे आपल्याकडे, आणि यांचे दोन्ही कान गेल्याचा रिपोर्ट माझ्या टेबलवर आहे.

"साहेब," सलीमभाई म्हणाले, "रिपोर्ट कानाचाच हाये ना?"

अन् घण हाणला. दोन तास लागले. आधी ओली माती आली, मग चिखल, मग फुलीच्या बरोबर खाली जे पाणी उसळलं त्यात साहेबांचे बूट भरले. बायांनी तिथंच गुंड लावले.

साहेबांनी भास्कररावांच्या कानाशी ओरडून विचारलं, दातानं कधीपासून ऐकता? तिसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर आलं, सहा वर्षं झाले, कोणाचं लक्ष नसलं का सळई दातात धरतो, हाडातून आवाज येते. मग लोकांदेखत कानाला का लावत होता?

"चारचौघात सळई चावली तं लोक येडा म्हणतीन, साहेब," भास्करराव म्हणाले. "कान लावला का इंजिनिअर वाटते."

सोमवारी टेबलची ऑर्डर रद्द झाली अन् नवीन निघाली. तिच्यात दोन मुद्दे होते. पहिला माझ्यासाठी. भास्करराव रस्त्यावर काम करत असताना त्यांच्या मागं लाल झेंडा घेऊन मी उभं राहायचं. अमरावतीचे मित्र फोन करून विचारतात, एम.ए. करून शेवटी कोणत्या पार्टीत गेला? मी म्हणतो, भास्कररावांच्या.

दुसरा मुद्दा असा होता की, भास्कररावांच्या दातांची तपासणी करून ते रस्त्यावरील कामास योग्य असल्याचे प्रमाणपत्र आठ दिवसांत सादर करावे.

घेऊन गेलो. डॉक्टरांनी खुर्चीत आडवं केलं, बत्ती लावली, एकेक दात ठोकून पाहिला अन् तोंड वाकडं केलं. हिरड्या पार गेल्या, म्हणाले, निम्मे दात हलतात. आजच सगळे काढून टाकू, छान कवळी बसवून देतो. मी ते कागदावर लिहून भास्कररावांच्या हातात दिलं.

त्यांनी वाचलं. खुर्चीतून उठले, खाली उतरले अन् डॉक्टरांपुढं हात जोडले.

"डॉक्टर साहेब, बाकीचे सारे काढा, मी हूं का चूं नाही करत. समोरचे चार तेवढे राहू द्या. अडीच वर्षांनं रिटायर झालो का दुसऱ्या दिवशी मी सोता घेऊन येतो ते तुमच्याकडं."